उजवी मी देणार

४ जानेवारी

आणि भावजय वर तोंड करून मला सांगते, वन्सं, तुम्ही कशाला त्रास करून घेता! त्रास म्हणे. सख्ख्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या बसल्या, आठवड्यातून तीनदा मशीनला जोडतात त्याला, आणि मला त्रास नको म्हणून माझ्यापाशी कोणी विषयच काढत नाही. चुलतभावाला विचारलं. तो साधी सर्दी झाली तरी मृत्युपत्राच्या गोष्टी करतो. भावजयीच्या मावसबहिणीला विचारलं. शेजारचा शिंपी तर न विचारता आला, छातीवर हात मारून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. आणि मला? मला चहा विचारला. साखर किती, ते विचारलं.

कॉलेजच्या लॅबमध्ये माशापासून सशापर्यंत सगळ्यांच्या किडन्या माझ्या हाताखालून गेल्या. प्राणिशास्त्राच्या मॅडमनासुद्धा कुठली बरणी कुठे ते मला विचारावं लागतं. आणि हे लोक शिंप्याला धरून बसलेत.

ठरलं. किडनी मी देणार. पण त्यांनी मागितल्यावर. तोंडाने. नवराबायको दोघांनी.

५ जानेवारी

अजून मागितली नाही. फोन दिवसभर जवळ होता. चार्जिंगलासुद्धा लावला नाही, मधेच आला तर.

७ जानेवारी

आज नवीन वर्गासाठी मोठा तक्ता काढला. मासा, बेडूक, सरडा, कबूतर, ससा. ओळीने, पोट उघडून, उताणे. मॅडम लघवीचं आणि पोराबाळांचं एकत्रच शिकवतात, कारण म्हणे सगळ्या प्राण्यांत दोन्हींचं सामान एकाच खोलीत असतं. पोरी खाली बघतात. मुलगे खोकतात. मला काही वाटत नाही. मी मेणाचे ट्रे मांडते, टाचण्या ठेवते, बोळे ठेवते. बेडकाच्या नराचं दोन्ही एकाच नळीने. कबुतराला लघवीची पिशवीच नाही, आणि आतलं जे काय असेल ते जायला एकच दार. आमच्या घरासारखं.

पण कामाची गोष्ट कबुतरीची. तिचं अंड्यांचं सामान फक्त डाव्या बाजूला. उजवीकडचं वाढतच नाही, आक्रसून जातं. तरी अंडी घालते, उडते, खिडकीवर घाण करते, काही अडत नाही. म्हणजे उजवी बाजू ही जास्तीची. शर्टाला आत एक बटण शिवून देतात तशी. म्हणून मी उजवी देणार. डॉक्टरला आधीच बजावून ठेवायचं, नाहीतर हे लोक हाताला येईल ती काढतील.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, अहो मावशी, ते अंडाशयाचं. किडन्या कबुतराला दोन्हीकडे असतात.

असतील. बाजू तीच ना.

९ जानेवारी

मशीनच्या खोलीत जाऊन आले. धाकटा आडवा, हातातून नळी, नळीतून रक्त जातंय, येतंय. तोंड सुजलेलं. मी स्टूल ओढून अगदी समोर बसले, म्हणजे मागायला सोपं. तो म्हणाला, ताई, तुमच्या लॅबमध्ये पंखे बसवले का? मी म्हटलं, बसवले. म्हणाला, छान. मग भावजय म्हणाली, बाहेर ऊन आहे का हो. मी म्हटलं, आहे. असं करत करत भेटायची वेळ संपत आली, तेव्हा मीच सांगून टाकलं की माझी घ्या. हे मागितल्यातच धरायचं. मागायलाच निघाले होते, मी फक्त वेळ वाचवला.

धाकटा म्हणाला, ताई, नको गं.

लहानपणापासून तसाच. पहिल्यांदा नकोच म्हणतो. दुसऱ्यांदा वाढलं की खातो.

११ जानेवारी

कॉलेजात सगळ्यांना सांगितलं. मोठे सर उठून उभे राहिले. मॅडमनी माझा हात धरला, ग्लोव्ह न काढता धरला, त्यामुळे दोघींचाही हात धुवावा लागला. प्यूनने स्टाफरूममधली हाताची खुर्ची आणून लॅबच्या कोपऱ्यात ठेवली. म्हणाला, आता तुम्ही उभं राहायचं नाही. बसून बघितलं. चांगली आहे.

रक्तगट जुळला. मला माहीतच होतं.

१६ जानेवारी

सोनोग्राफी. झाली नाही. सगळी चूक त्यांची. भरपूर पाणी पिऊन या, लघवीला जाऊ नका, असं सांगितलेलं. पिऊन गेले. बाकावर बसवलं ते बसवलंच. माझी काय पिशवी आहे का हौद? शेवटी जाऊन आले. बाहेर येते तर माझं नाव पुकारून झालेलं. काउंटरवरची म्हणते, परत पाणी प्या आणि थांबा. मी म्हटलं, मी काय बेडूक आहे, कातडीतून पाणी ओढून घ्यायला? आणि घरी आले.

१९ जानेवारी

उपाशीपोटी बोलावलेलं. चहा घेतला. चहा म्हणजे खाणं नव्हे. त्यांच्या मते आहे. वाद घालण्यात अर्थ नव्हता, मी तरी अर्धा तास घातला.

२४ जानेवारी

तिसरी तारीख. नेमकी आजच प्रॅक्टिकलची परीक्षा. बरण्या कोण काढणार? मॅडम म्हणाल्या, मावशी, तुम्ही जा, आम्ही बघतो. यांचं बघणं मला ठाऊक आहे. मागे एकदा मी नव्हते तर सरड्याच्या जागी पाल मांडून ठेवली आणि अख्ख्या वर्गाने पालीचं चित्र काढून सरडा म्हणून नावं दिली. थांबले. भावासाठी मुलांचं नुकसान करणं मला पटत नाही.

घरी आले तर हे दुकान बंद करून लवकर आलेले. कुलपं दुरुस्त करणारा माणूस, दिवसाला चार शब्द बोलतो. आज म्हणाले, तुला भीती वाटत असेल तर

पुढचं मी ऐकलं नाही. मिक्सर लावला. भीती. मला. अख्खी बरणी उपडी करून बेडूक धुणाऱ्या बाईला.

२९ जानेवारी

सकाळी भावजयीचा फोन. धाकट्याला श्वास लागला, छातीत पाणी भरलं, मशीन जास्तीचं लावावं लागलं. आवाज एकदम सपाट. मग म्हणाली, वन्सं, तुमची तपासणी झाली का हो?

विचारलं! शेवटी विचारलंच.

म्हटलं, होतेय. होतेय. डॉक्टर लोकांचं काय, तुला माहीत आहे.

ठराव: पुढच्या तारखेला जायचं म्हणजे जायचं. चहा नाही. पाणी भरपूर.

२ फेब्रुवारी

गेले. सोनोग्राफीच्या मशीनवर पुरुष होता. नको म्हटलं, बाई असेल तेव्हा येईन. हे म्हणाले, लॅबमध्ये दिवसभर नर प्राणी हाताळतेस. ते वेगळं. ते मेलेले असतात.

६ फेब्रुवारी

आज हे काही न बोलता चपला घालून दारात उभे राहिले. मग जावं लागलं.

झाली.

डॉक्टरीणबाई होती. पोटावर गार गार काहीतरी लावलं. आधी डावी बघितली, मापं घेतली, म्हणाली, छान आहे, जरा मोठीच आहे. मी म्हटलं, डावी राहू दे, उजवी बघा, तीच द्यायची आहे. उजवीकडे गेली. फिरवत राहिली. कुशीवर वळा म्हणाली. वळले. श्वास धरा. धरला. सोडा. परत धरा. मग दुसऱ्या एका डॉक्टरला बोलावलं. दोघं पडद्याकडे बघत होते. माझ्याकडे कोणीच नाही.

पोटाचं ऑपरेशन झालंय का कधी? नाही. या बाजूला? नाही म्हटलं ना. बाई म्हणाली, तुमची उजवी किडनी दिसत नाहीये. मी म्हटलं, नीट बघा, मागे गेली असेल. म्हणाली, खाली-वर, मागे-पुढे सगळीकडे बघितलं. नाहीये. जन्मापासूनच नसणार.

मग आणखी खाली गेली. मुलं किती? नाहीत. राहिलं होतं कधी? तीनदा. पुढे गेलं नाही. तिने हं म्हटलं. बाकी काही नाही. हं.

पुसायला कागद दिला. एकच. पोटभर लावायचं आणि पुसायला एक कागद.

बाहेर ह्यांना सांगितलं, मशीन बिघडलंय. म्हणाले, बरं.

१० फेब्रुवारी

एकटीच दुसऱ्या ठिकाणी गेले. लॅबमध्ये आहे म्हणून आधीच सांगितलं, म्हणजे नीट बघतील. तिथेही उजवी नाही. दोन्ही मशीन एकाच कंपनीची असतील.

१२ फेब्रुवारी

मॅडमना विचारलं. ओळखीतली एक बाई आहे, तिचं विचारते म्हटलं. उजवी किडनीच नाही म्हणतात, आणि खालचंही धड नाही. असं असतं का?

मॅडमनी तक्ता बाजूला सारून फळ्यावर काढलं. पोटातला गर्भ अगदी नखाएवढा असतो, तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक नळी उतरते, किडनीची. तिच्या आधाराने गर्भपिशवीची नळी उतरते. बेडूक म्हणा, कबूतर म्हणा, ससा म्हणा, सगळ्यांत या दोन नळ्या शेजारणी. एका बाजूची पहिली उतरलीच नाही तर दुसरीला वाट सापडत नाही, तीही राहते. सशिणीला शेवटपर्यंत दोन वेगळ्या पिशव्या. बाईच्या दोन नळ्या मधे येऊन एक पिशवी होते. त्या ओळखीतल्या बाईची एकाच नळीची, अर्धी पिशवी.

अर्ध्या पिशवीत मूल राहतं का? मॅडम म्हणाल्या, राहतं ना, कितीतरी जणींना होतं. कधी कधी अडचण येते. जागा अपुरी पडते.

मी म्हटलं, म्हणजे कबुतरीसारखं. त्या म्हणाल्या, नाही मावशी, कबुतरीचं ते ठरल्याप्रमाणे होतं. हे चुकून.

कुठली बाई ते विचारलं नाही त्यांनी. फळा मीच पुसला. मग बेसिन घासलं. घासलेलंच होतं.

मला काही वाटलं नाही.

१५ फेब्रुवारी

काही नाही.

१९ फेब्रुवारी

कॉलेजात रोज कोणीतरी विचारतं, मावशी, ऑपरेशन कधी? तारीख बघताहेत म्हणते. खुर्चीवर बसत नाही सध्या. पाठीला बरं असतं उभं राहणं.

नवीन ठरलं: डावी द्यायची. ती मोठी आहे, छान आहे, त्यांनीच सांगितलंय. धाकटा मशीनवरून सुटेल, त्याच्या जागी मी बसेन. त्याला दोन मुलं आहेत, शाळा आहे, डबे आहेत. मला आठवड्यातून तीनदा बसायला काय अडचण? उलट लॅबच्या वासातून सुटका.

२१ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरकडे गेले. तेच सांगितलं. ते हसले. मी हसत नाहीये हे बघून हसायचे थांबले. मग दार लावून घेतलं आणि मला झापलं. असं कोणीही करणार नाही, कुठेही करणार नाही, तुमची सही असली तरी करणार नाही. आणि तुम्ही स्वतःला जपायचं, दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, रक्तदाब बघत जायचं.

मी म्हटलं, मी दुसऱ्या डॉक्टरला विचारेन. म्हणाले, विचारा.

नाही विचारलं.

२६ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. दोन्ही. किडनीचं आणि खालचं.

हे एका पेटीचं कुलूप खोलत बसले होते. हात थांबले नाहीत. कुलूप खोललं, तेल घातलं, परत लावलं. मग म्हणाले, चहा टाकू? लग्नापासून कधी टाकला नाही. उठून टाकला. पाणीच पाणी. साखर घालायची विसरले. दोघांनी प्यायला.

मग म्हणाले, त्या तिसऱ्या वेळेला तू जिना चढून पाणी आणलं होतंस, त्यावरून आई तुला बोलली होती.

मी म्हटलं, हो.

म्हणाले, जिन्याने काही झालं नव्हतं.

मी कप धुवायला घेतले.

२ मार्च

दवाखान्यात भावजय कॉरिडॉरमध्ये भेटली. सांगायचं म्हणून तोंड उघडलं तर तीच म्हणाली, वन्सं, माझं सगळं जुळलंय. कालच शेवटची तपासणी झाली. मी देतेय.

मी म्हटलं, तुझी तपासणी कधी सुरू झाली? म्हणाली, झाली कधीच. तुम्ही पाणी पिऊन परत आलात ना पहिल्यांदा, त्याच आठवड्यात. मला का नाही सांगितलंस? म्हणाली, काय सांगू? तुम्ही गावभर सांगून बसला होतात. हे म्हणाले, ताईला आत्ता काही बोलू नकोस, ती आपणहून राहून जाईल. आणि वन्सं, खरं सांगू का, रागावू नका, त्यांना तुमची नकोच होती. म्हणत होते, ताईची किडनी घेतली तर ग्लासभर पाणी प्यायच्या आधी तिला फोन करावा लागेल. आणि ती हसली. पहिल्यांदाच हसताना बघितली या दोन महिन्यांत. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

मी म्हटलं, माझी घेताच आली नसती. मला एकच आहे.

ती बाकावर बसली. मला पण बसा म्हणाली. मी उभीच राहिले. सगळं सांगितलं, मॅडमनी फळ्यावर काढलं तसं. किडनीची नळी, तिच्या शेजारची नळी. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, म्हणजे वन्सं, तेव्हा ते तीनही वेळा

मी म्हटलं, लिफ्ट आली.

आली होती. वर जाणारी होती. मला खाली जायचं होतं. गेले वर.

५ मार्च

कॉलेजात सांगून टाकलं. डॉक्टरांनी माझी घेतली नाही. फारच चांगली निघाली. एकटी दोघींचं काम करते, त्यामुळे मोठी झालेली आहे, साध्या माणसाच्या पोटात बसणार नाही. मोठे सर म्हणाले, असं का. प्यूनने संध्याकाळी खुर्ची परत नेली. विचारायला आला होता, नेऊ का. मी म्हटलं, ने.

मॅडमनी मला रक्तदाबाच्या डॉक्टरचा नंबर दिला. ओळखीतल्या त्या बाईसाठी म्हणाल्या.

८ मार्च

भावजयीने घरी येऊन मला सांगितलं, मीठ कमी खा. तिने मला. धाकट्याचा निरोप, ताईला म्हणावं पाणी पीत जा. त्याला दिवसाला मोजून दोन कप पाणी, आणि तो मला सांगतोय पी.

प्यायले.

११ मार्च

ऑपरेशन येत्या मंगळवारी. नवरा एका मजल्यावर, बायको दुसऱ्या मजल्यावर. दोघं एकाच वेळी अंथरुणात. आणि घर? मावसबहिणीला बोलावलंय म्हणे. तिला, जिला ताप मोजता येत नाही. शिंप्याची बायको डबा करणार म्हणे. शिंप्याची!

आज मशीनच्या खोलीत जाऊन धाकट्याला स्पष्ट बोलले. भावजय गोळ्या आणायला गेली होती. तो डोळे मिटून होता, पण झोपला नव्हता, झोपला की त्याचं तोंड उघडं राहतं. मी म्हटलं, बाबा रे, मला पोटातलं काही देता येत नाही ते समजलं. त्यावर आता बोलायचं नाही. पण बिनमिठाचं जेवण मला येतं. तुझं वेगळं, तिचं वेगळं, पोरांचं वेगळं, तिन्ही येतं. पोरांना शाळेत सोडणं येतं. तिला टाके पडल्यावर कुशीवर वळवायचं, न्हाणीपर्यंत न्यायचं, ते येतं, आणि मला त्यात किळस नाही, तुम्ही सगळे जाणता. ऑपरेशनचं मी कोणाला सांगणार नाही. पाण्यावरून बोलणार नाही. कितीही पाणी पी. रजा मी टाकलेली आहे, मंजूर झाली आहे.

त्याचे डोळे मिटलेलेच. मशीन चालू होतं. मी स्टूल जागेवर ठेवलं.

दारातून परत आले आणि सांगितलं, मी यायचं का नाही, ते तू सांग. बायकोकडून नको, तुझ्या तोंडाने. हो तर हो, नाही तर नाही, मला काही वाटणार नाही. पण शनिवारपर्यंत सांग. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मी घरीच आहे.